खुंटी कुठे मारली असेल?

आप्पा गवंडी होते. त्यामुळे आमच्या घरात कुठलीही इमारत आधी हाताने पाहिली जायची, मग डोळ्यांनी. कुणाच्या नव्या घरी गेलो की चहा येण्याआधी आप्पांची पेरं भिंतीवर टकटक करून यायची. आई डोळे वटारायची. तिथून निघाल्यावर रस्त्यात ते हळूच सांगायचे, "प्लास्टर पोकळ बोलतंय. दोन पावसाळे काढंल."

नव्वदच्या सुमारास आम्ही नालासोपाऱ्याला राहायला आलो. पश्चिमेला, सोपारा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एक चाळ होती. एका रविवारी आप्पा मला आणि धाकट्या भावाला चालत घेऊन गेले. मी सातवीत असेन. झाडांच्या मधे एक टेकाड, त्यावर गवत, आणि गवतातून डोकावणारं जुनं वीटकाम. शेजारच्या आजी त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणायच्या. कोण बुरुड राजा, कधीचा, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. टोपल्या विणणाऱ्यांचा राजा आणि त्याचा किल्ला, एवढंच लोकांच्या तोंडी उरलं होतं.

आप्पांनी चपला बाहेर काढल्या, आणि मग जे केलं त्याने मी ओशाळले होते. ते उकिडवे बसले आणि एका विटेवर पेरांनी वाजवू लागले. वितीने लांबी मोजली. दोन विटांच्या सांध्यातून नख फिरवलं. "भाजणी चांगली आहे," म्हणाले. मग टेकाडाभोवती चालत जाऊन परत आले. "दार कुठंय याला?"

दार नव्हतं. खिडकी नव्हती. आत खोली नव्हती. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली इमारत असावी जिला आत जागाच नव्हती.

"आणि एवढा गोल काढायचा म्हणजे," ते जरा वेळाने म्हणाले, "मधोमध खुंटी मारून दोरी फिरवावी लागती. खुंटी कुठं मारली असंल?"

त्या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच सापडलं होतं, पण ते आम्हा दोघांना ठाऊक व्हायला आणखी बरीच वर्षं जायची होती.

१८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा कोट खणला. कोट नव्हताच तो, बौद्ध स्तूप होता. ते जुनागढचे, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करून तयार झालेले, शिलालेख वाचण्यात त्या काळी त्यांचा हात धरणारे फार थोडे. ते टेकाडाच्या मध्यावर गेले. आप्पांच्या भाषेत, खुंटीपाशी गेले. तिथे विटांनी बांधलेली एक छोटी कोठी निघाली आणि कोठीत दगडाचा मोठा गोल करंडा. करंड्याच्या मधोमध तांब्याची डबी, आणि तिच्याभोवती ब्राँझच्या आठ लहान बसलेल्या मूर्ती. सात होऊन गेलेले बुद्ध, आठवा अजून यायचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या डबीत चांदीची, चांदीच्या आत दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि स्फटिकाच्या आत सोन्याची डबी. सोन्याच्या पत्र्याची बारीक फुलं कितीतरी. सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचं एक चांदीचं नाणं. आणि त्या सगळ्याच्या आत, सोन्याच्या डबीत, मातीच्या भांड्याचे चिमुकले तुकडे.

बुद्धाचं म्हणून जपलेल्या भिक्षापात्राच्या खापऱ्या.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होते. घरी येऊन आप्पांना सांगितलं. एकेक डबी उघडत जावी तसं ते ऐकत होते, सोन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "अन् आत?" मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पात्र म्हणजे जेवायचा डबाच की गं." आप्पांचा स्वतःचा डबा जर्मनचा होता, तळाला चेपलेला, आणि त्यांनी तो उभ्या आयुष्यात बदलला नाही.

मला या ठिकाणी 'धातू' या शब्दापाशी थांबावंसं वाटतं. पालीत आणि संस्कृतात बुद्धाच्या अवशेषांना धातू म्हणतात. धातू ज्याच्या गर्भात तो धातुगर्भ. त्यावरून दागोबा, जो शब्द लेण्यांवरच्या आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत अजून भेटतो. आज मराठीत धातू म्हटलं की तांबं, लोखंड, सोनं. सोपाऱ्याच्या करंड्यात दोन्ही अर्थ एकात एक बसले आहेत. तांब्याच्या, चांदीच्या, सोन्याच्या पोटात जो खरा धातू ठेवलाय तो कुंभाराच्या मातीचा आहे.

अवशेषांचे तीन प्रकार परंपरेने मानले आहेत. शरीराचे ते शारीरिक. वापरातल्या वस्तू, म्हणजे पात्र, अंगावरचं चीवर-वस्त्र, ज्याच्याखाली बसले ते झाड, हे पारिभोगिक. आणि केवळ स्मरणासाठी उभारलेले ते उद्देशिक. वापरातल्या वस्तूची ही परंपरा अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. कुशीनगरात बुद्धाचं महापरिनिर्वाण झालं, दहनानंतर अस्थींवरून राजांमध्ये भांडण पेटायची वेळ आली, तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने त्यांचे आठ सारखे वाटे केले. ज्या कुंभाने त्याने अस्थी मोजल्या तो रिकामा कुंभ त्याने स्वतःसाठी मागून घेतला आणि त्यावर स्तूप बांधला. उशिरा पोहोचलेल्या पिप्पलिवनाच्या मोरियांना वाटा उरला नव्हता, ते चितेतले निखारे घेऊन गेले. असे आठ अस्थींचे, एक मापाच्या भांड्याचा आणि एक निखाऱ्यांचा, मिळून दहा स्तूप. मला या हकिकतीत सगळ्यांत जवळचा वाटतो तो द्रोण.

स्तूपाचा आकार कुठून आला याची एक कथा चिनी प्रवासी ह्युएन त्संगने बाल्खच्या, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या, प्रदेशात नोंदवून ठेवली आहे. त्रपुष आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी स्मारक कसं बांधायचं असं विचारलं. बुद्धाने आपलं वस्त्र चौकोनी घडी करून खाली ठेवलं, त्यावर भिक्षापात्र पालथं घातलं आणि वर काठी उभी केली. झाला स्तूप. इतिहास म्हणून पाहिलं तर हा आकार त्याहून जुना, मृतांवर रचलेल्या मातीच्या ढिगाऱ्याचा आहे. पण घुमट म्हणजे पालथं घातलेलं पात्र, हे ज्याने प्रथम पाहिलं त्याची नजर मला फार आवडते. भिक्षूने पात्र पालथं घातलं म्हणजे आजचं जेवण झालं, आता मागणं संपलं.

तर सोपाऱ्यात पालथ्या पात्राच्या पोटात पात्र ठेवलं होतं.

भागांची नावं शाळेच्या पुस्तकात असतात, पण ती आप्पांनी मला जशी समजावली तशी कुणी समजावली नाहीत. खाली जोतं, ते मेधी. त्यावर अर्धगोल, तो अंड. अंडाच्या डोक्यावर चौकोनी कठडा, ती हर्मिका. तिच्यातून निघणारा दांडा म्हणजे यष्टी आणि त्यावर छत्रं. भोवती वेदिका, म्हणजे कुंपण, आणि कुंपण व जोतं यांच्यामधली चालायची वाट, तो प्रदक्षिणापथ. मी चित्र दाखवलं तेव्हा आप्पांनी बोट ठेवलं ते यष्टीवर. "हीच ती खुंटी. काम झाल्यावर काढून न टाकता वर न्हेली." हे पुराव्याने सिद्ध करता येणार नाही. पण गवंड्याने आखणी करताना जमिनीत मारलेला मध्यबिंदू, त्याखाली ठेवलेले अवशेष आणि वर छत्राचा दांडा, हे सगळं एका ओळंब्यात येतं हे तर खरंच आहे.

भरीव बांधकामाबद्दल त्यांचं म्हणणं असं, की छत नाही म्हणजे कोसळायचं भय नाही. मातीचा ढीग आपल्या उतारावर आपोआप उभा राहतो. फक्त पायथ्याशी तो पसरू पाहतो, म्हणून जोतं आणि वीटकाम घट्ट हवं. आणि घर वाढवायचं तर भिंत पाडावी लागते. याला पाडावं लागत नाही, जुन्यावर नवा थर चढवला की झालं. सांचीला नेमकं तेच झालं आहे. अशोकाच्या काळातला मूळ स्तूप विटांचा. शुंगांच्या काळात त्यावर दगडाचं आवरण चढलं आणि तो जवळजवळ दुप्पट झाला. आज त्याचा व्यास सुमारे ३६ मीटर आणि उंची सुमारे १६ मीटर आहे. जुना विटांचा स्तूप आत तसाच आहे. मोठा झालेला माणूस लहानपण पोटात घेऊन फिरतो, तसा.

सोपाऱ्यातही एकदाच सगळं घडलेलं नाही. नाणं दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या राजाचं. ब्राँझच्या मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे मधे सहाएकशे वर्षं गेल्यावर कुणीतरी हा मध्य पुन्हा उघडला, आठ मूर्ती भोवती मांडल्या आणि पुन्हा बंद केला. आतलं सोनं-चांदी मात्र तिथेच राहिलं.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती आमच्या घरातली आहे.

आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीने १९५६ नंतर गावातला देव सोडला, आणि आप्पा बावीस प्रतिज्ञा कामावर जाताना पुटपुटायचे. कर्मकांड घरात चालायचं नाही. श्राद्ध नाही, पिंड नाही, राख-अस्थी घेऊन नदी गाठणं नाही. मग ही हाडं, पात्रं, डब्या, त्यांना वाकणं, हे काय? हा प्रश्न मी आप्पांना जरा चढ्या आवाजात विचारला होता, कारण कॉलेजात नव्याने तर्कशुद्ध झाले होते. सहा डिसेंबरला पहाटेची लोकल पकडून आपण दादरला जातो, शिवाजी पार्काच्या कडेने तासन्‌तास रांगेत उभे राहतो, ते शेवटी बाबासाहेबांच्या अस्थींसाठीच ना? चैत्यभूमीचाही घुमट स्तूपाचाच ना?

आप्पा चिडले नाहीत. म्हणाले, "तिथं जाऊन मी काही मागतो का?"

मी तेव्हा गप्प बसले ते उत्तर पटलं म्हणून नव्हे. पण पुढे जितके स्तूप पाहिले, भाजे, कार्ले, कान्हेरी, सांची, तितकं मला ते वाक्य बांधकामात लिहिलेलं दिसू लागलं. देवळात गाभारा असतो, उंबरा असतो. आत कोण जाणार, बाहेर कोण थांबणार, हे तो उंबरा ठरवतो. आमच्या आज्या-पणज्यांनी तो उंबरा बाहेरूनच पाहिला. स्तूपाला उंबरा घालायला जागाच नाही. आत जाणारा कुणीच नाही, म्हणून बाहेर ठेवलेलाही कुणी नाही. राजाने चालायचं तेही भोवती आणि बुरुडाने चालायचं तेही भोवती, उजवा खांदा विटांकडे ठेवून. समोर चेहरा नाही, त्यामुळे मागणं मांडायचं कुणापुढे? महापरिनिब्बान सुत्तात बुद्धाने आपल्या शिष्याला, आनंदाला, सांगितलं आहे की स्तूप चार महामार्गांच्या चौकात बांधावा. जो तिथे फूल वाहील, वंदन करील किंवा ज्याचं चित्त तिथे प्रसन्न होईल, त्याचं दीर्घकाळ हित होईल. चौकात. जिथून येणारा-जाणारा कुणीही जातो तिथे.

आणि सांचीच्या त्या सर्वांत मोठ्या स्तूपात अस्थी सापडलेल्याच नाहीत. १८२२ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने तो वरपासून खालपर्यंत फोडला, १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांनी मधोमध खोल विवर घेतलं. काही मिळालं नाही. जवळच्या तिसऱ्या स्तूपात बुद्धाचे शिष्य सारिपुत्त आणि मोग्गलान यांचे अवशेष मिळाले, ते इंग्लंडला गेले, स्वातंत्र्याच्या सुमारास परत आले आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात ठेवले गेले. पण लोक भोवती फिरतात ते त्या मोठ्या, अवशेष न सापडलेल्या स्तूपाच्या. आप्पांना हे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मला अजून दिसतं.

त्यांना त्याहून आवडलेली गोष्ट सांचीच्या दक्षिण तोरणावर आहे. सर्वांत वरच्या आडव्या तुळईवर लेख आहे: राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा मुकादम, वासिठीचा मुलगा आनंद, याचं दान. ज्याचे हात राबले त्याचं नाव, आणि त्याच्यासोबत त्याच्या आईचं. सातवाहनांचा म्हणजे आपल्याकडचा राजा, त्याचा माणूस. आप्पांनी मला तो लेख तीनदा वाचायला लावला. आपण बांधलेल्या एकाही इमारतीवर त्यांचं नाव नव्हतं.

सोपाऱ्याची माणसंही अशी दगडांवर भेटतात. नाणेघाटात चढून गेल्यावर एक पाण्याची पोढी आहे, ती सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिली असं तिच्यावर लिहिलंय. कार्ल्याच्या चैत्यगृहात एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचा आहे, सुत्तं मुखोद्गत म्हणणाऱ्या भिक्खूचा. लेखात तो खांब 'ससरीरो' म्हटलाय, म्हणजे अवशेष असलेला. बंदर होतं हे. इथून माल घाटावर जायचा आणि मालाबरोबर भाणकही. इथेच भातेला तळ्यापाशी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा भगवानलालांना त्याच १८८२ साली मिळाला, ज्यात राजा सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, मी मात्र संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. दुसरा तुकडा जवळच्या भुईगावात १९५६ मध्ये मिळाला. नागपूरला दीक्षा झाली तेच वर्ष. योगायोगच, पण आप्पा हे सगळ्या पाहुण्यांना सांगायचे.

पण सोपाऱ्याचा माझा माणूस बाहिय आहे. उदान या पाली ग्रंथात त्याची गोष्ट येते. सुप्पारकाच्या, म्हणजे सोपाऱ्याच्या, समुद्रकाठी राहणारा, झाडाच्या सालीची वस्त्रं नेसणारा बाहिय. लोक त्याला अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला, मानायचे आणि त्यालाही तसंच वाटू लागलं होतं. त्याची भ्रांती एका देवतेने मोडली; तू तिथवर पोहोचलेला नाहीस, पोहोचण्याच्या वाटेवरही नाहीस, जो पोहोचला आहे तो श्रावस्तीला आहे. तो लगेच निघाला. वाटेत कुठेही एका रात्रीहून अधिक थांबला नाही. पोहोचला तेव्हा बुद्ध भिक्षेला निघाले होते. ही वेळ नाही, असं दोनदा सांगूनही त्याने तिसऱ्यांदा विचारलं, कारण कोण कधी मरेल ते कुणाला ठाऊक? रस्त्यात उभ्या उभ्या त्याला सांगितलं गेलं: पाहिलेल्यात फक्त पाहिलेलं असू दे, ऐकलेल्यात फक्त ऐकलेलं. तेवढ्याने तो मोकळा झाला. आणि थोड्याच वेळात लहान वासराच्या गायीने त्याला शिंगावर घेतलं. तो भिक्खू होण्यासाठी पात्र आणि चीवर शोधत फिरत होता, असं अट्ठकथा, म्हणजे त्या ग्रंथावरची जुनी टीका, सांगते.

भिक्षेहून परतताना बुद्धांना त्याचं प्रेत दिसलं. त्यांनी भिक्खूंना सांगितलं, हा तुमचा सोबती होता. याला तिरडीवर घ्या, दहन करा आणि याचा स्तूप बांधा.

अजून संघात न आलेल्या माणसाचा स्तूप. सोपाऱ्याहून निघालेला, पात्र मिळवता मिळवता मेलेला. आणि पुढे कैक शतकांनी सोपाऱ्याच्या लोकांनी सोन्याच्या डबीत जपलं ते पात्र, तेही फुटकं. या दोन गोष्टींना जोडणारा धागा मी कुठल्या पुराव्यातून काढलेला नाही. टेकाडाला फेरी घालताना तो माझ्या मनात असतो, इतकंच.

करंडा आणि डब्या आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. इथे विटा उरल्या. बुद्धपौर्णिमेला इथे माणसं येतात, मेणबत्त्या लावतात, त्रिसरण-पंचशील म्हणतात आणि भोवती फिरतात. शेजारच्या आजी गेल्या, त्यांच्या सुनेने 'कोट' हा शब्द अजून सोडलेला नाही. मला तो शब्द सुधारावासा वाटत नाही. सगळी स्मृती पुसली गेली तेव्हाही त्या शब्दाने ही जागा राखली. बुरुड राजाचं आहे म्हणून कुणी नांगर घातला नाही.

आप्पांना शेवटच्या वर्षांत चालवत नसे. रिक्षाने नेऊन मी त्यांना झाडाखाली बसवायचे आणि एकटी फेऱ्या घालायचे. ते तिथूनच ओरडून सांगायचे, "किती झाल्या?" जाण्याआधी त्यांनी दोनच गोष्टी बजावल्या. राख गावाकडे बांधावर कडुलिंबाच्या खड्ड्यात टाका, नदीला नको. आणि थापी मोहनला द्या. मोहन म्हणजे माझा चुलतभाऊ, पंधराव्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली माल कालवणारा.

आई थापी द्यायला तयार नव्हती. तिने ती धुऊन, पुसून, आपल्या लग्नातल्या शालूच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती. महिनाभर ती तिथे होती. मोहनने मागितली नाही. मग एक दिवस तिनेच त्याला जेवायला बोलावलं आणि ताट वाढायच्या आधी ती त्याच्या हातात दिली. शालूचा तुकडा काढून घेतला.

मागच्या आठवड्यात तो विरारला एका कामावर होता. मी डबा द्यायला गेले. तो पायाडावर बसून विटा लावत होता. थापीचं टोक आता पूर्ण झिजलंय, पिंपळाच्या पानाचा शेंडा खुडावा तशी दिसते. मी म्हटलं, नवी घे की. त्याने विटेवर माल पसरला, कडेचा निथळलेला माल थापीने उचलून पुन्हा मधे टाकला, आणि वरून म्हणाला, "ताई, तो ओळंबा दे गं जरा."

मी दिला.